एकाच दिशेला बघणारे राघू

नानांच्या सदऱ्याच्या खिशात कायम मेणाचा गोळा असायचा. लग्नाला निघोत नाहीतर मयताला, गोळा बरोबर. लिंबाएवढा, काळपट, अंगाच्या उबेने मऊ पडलेला. समोर काही नक्षीदार आलं की हात खिशात गेलाच. चहाबरोबर बिस्किट दिलं तर आधी त्याचा ठसा घेणार, मग खाणार. देवळातल्या घंटेवरची वेलबुट्टी दिसली म्हणून प्रदक्षिणा अर्धी सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नानी, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारायची. "चितेवर चढवतील तेवा पन लाकडाचा ठसा घ्याल तुमी!" नाना म्हणायचे, "लाकूड चांगलं असलं तर घेईन."

हरीनाना चिंचणीचे डायमेकर. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दागिन्याचा साचा पोलादाच्या ठोकळ्यात कोरतात, त्याला आम्ही डाय म्हणतो. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकतो आणि फूल, मोर, कोयरी पत्र्यावर उठून येते. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत हा धंदा घरोघरी. बाहेर नारळीची वाडी आणि पडवीत खिडकीखाली डोळ्याला भिंग लावून ठकठक करत बसलेली माणसं. सगळं काम उलटं. जे उठून दिसायला हवं ते खोल खोदायचं आणि जे उजवीकडे दिसायला हवं ते डावीकडे. तुमच्या घरातल्या बाईच्या कानात जे आहे ते कदाचित नानांच्या हातचं असेल. त्यांचं नाव त्यावर कुठेही नाही.

मी त्यांच्याकडे चोविसाव्या वर्षी आलो. त्याआधी कुंभवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत लागलो होतो, सहा महिन्यांत डोळ्यांची आग आग व्हायला लागली म्हणून सोडली. पहिली डाय, साध्या पाच पाकळ्यांची, कोरून मोठ्या ऐटीत म्हणालो, "नाना, झाली." त्यांनी मान वर केली नाही. खिशातला गोळा काढून माझ्या पुढ्यात टाकला. "दिल्या, तोंडानं नको सांगू. मेणात दाखव." ठसा घेतला तर पाचातली एक पाकळी चपटी. "आता बोल," म्हणाले. काय बोलणार, कप्पाळ! पुढची अकरा वर्षं हे वाक्य मी रोज ऐकलं.

माणूस तापट होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गेलेल्या माणसाला गोड करून दाखवल्यासारखं होईल. भिंग डोळ्यावरून कपाळावर चढलं की समजायचं, आता आपली धडगत नाही. "डोळे हायेत का बटाटे बसवलेत?" इथून सुरुवात व्हायची. पण राग खोट्यावर असायचा. चूक केली आणि चूक झाली म्हणून सांगितलं, तर स्वतःची छिन्नी द्यायचे. चूक करून लपवली की मग तुमचं काही खरं नाही. हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही मी जे केलं ते केलं, ते पुढे येईलच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं आणि नानांना हेपटायटिस सी निघाला. लिव्हरमध्ये मुक्काम करणारी कावीळ. कुठून आली म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, जुनी सुई, कधीतरी चढवलेलं रक्त, काहीही असेल, आता शोधून उपयोग नाही. गावाला मात्र लगेच समजलं. लिव्हर म्हणजे दारू! आमच्याकडे सकाळी ताजी ताडी दारात येते, तीसुद्धा नानांनी आयुष्यात तोंडाला लावली नाही. हात कापेल म्हणून. ज्या माणसाने हातासाठी ताडी सोडली, त्याच्याकडे बघून लोक अंगठा ओठाला लावून हसायचे. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

तीन महिने गोळ्या झाल्या. रोज सकाळी जेवणाआधी की नंतर, यावर नानीशी रोज भांडण. एक दिवस चुकवला नाही. मग ठरलेल्या वेळाने पुन्हा रक्त तपासलं आणि कागदावर आलं, विषाणू आढळला नाही. मोतीबिंदूही निघाला, नजर साफ झाली. नानीने देवीची ओटी भरली, पडवीत पेढे वाटले. नानांनीही पेढ्याचा ठसा घेऊन मग तो खाल्ला. गोळ्या चांगल्या होत्या, त्यांनी आजार घालवला, याबद्दल माझी तक्रार नाही आणि नानांचीही नव्हती. ते म्हणायचे, "गोळीनं जीव वाचवला, तिला मी नावं नाय ठेवनार. पन मागं काय ठेवून गेली ते कोन बघनार?"

कारण पेढे संपायच्या आत हे सुरू झालं होतं. सकाळी उठतानाच माणूस दमलेला. अंगाला खाज. झोप म्हणून नाही. बोटांचे सांधे असे दुखायचे की छिन्नी धरण्याआधी ते गरम पाण्याच्या टोपात हात बुडवून बसायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं मध्येच थांबायचं. हातोडी वर उचललेली आणि कुठे मारायची होती ते आठवत नाही. मग म्हणायचे, "बत्ती गेली रे." आमच्या शेजारी एवढा मोठा अणुवीज प्रकल्प, आणि गावात दिवे जातात तेव्हा आम्ही जे म्हणतो तेच. "इथं बाजूला अनुशक्ती हाय आन माझी बत्ती गुल," असं म्हणून हसायचे. ते हसणं मला आवडायचं नाही.

पालघरच्या दवाखान्यात दर खेपेला मी बरोबर जायचो. चिंचणीहून बोईसर, बोईसरहून पालघर, तिथे रांग. आत गेलं की डॉक्टरबाई आधी रिपोर्ट बघायच्या. "छान आहे आजोबा, तुम्ही पूर्ण बरे झालात." नाना सांगायला लागायचे. थकवा, बोटं, झोप. बाई म्हणायच्या, "गोळ्या शरीरातून कधीच्याच गेल्या. आता त्यांचा काय संबंध? वय झालंय. आराम करा." बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या, बाहेर ओळ बसस्टँडसारखी. पण बाहेर आल्यावर नानांनी मला केसपेपर वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं, तक्रार नाही.

"काय लिवलंय?"

"तक्रार नाही."

"मी काय आत भजन करत होतो?" नाना भर व्हरांड्यात ओरडले. "एवडा वेळ माझं तोंड काय चालू होतं, दिल्या? माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावली यांनी!" लोक बघायला लागले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि समजूत घातली, जाऊ द्या, रिपोर्ट चांगला आहे ना. त्यांनी माझा हात झटकला आणि पुढे चालू लागले. पुढच्या खेपेलाही कागदावर तेच आलं आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही.

घरी नानीचंही तेच. कागदावर क्लीन आलं म्हणजे माणूस क्लीन, असा तिचा हिशेब. "उठा जरा, वाडीत फिरून या, बसून बसून गंजलात," असं दिवसातून दहा वेळा. शेजारणीला म्हणताना मी ऐकलं आहे, "सवय लागली हो पडून राहायची. नकरे नुसते!" नाना आतल्या खाटेवर पडून ऐकत होते. ते उत्तराला कधी मागे राहिले नव्हते, त्या दिवशी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

आता माझं सांगतो. त्यांच्या हाताखालच्या डायमध्ये चुका व्हायला लागल्या होत्या. पानाची शीर जरा जास्त खोल, कडेची दाणेदार ओळ एका ठिकाणी वाकडी. बारीक गोष्टी, पण नानांच्या कामात त्या कधी नसायच्या. ते दुपारी पडायला गेले की मी त्यांचा ठोकळा उचलायचो, कानस आणि छिन्नी घेऊन चूक सारखी करायचो आणि होता तसा जागेवर ठेवायचो. कोणाला सांगितलं नाही. ठोकळ्याच्या खाली त्यांची खूण असायची, हरीचा ह, तो तसाच राहायचा. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखतोय. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी. गाढव!

मग राघूंची ऑर्डर आली. कानातल्यांची जोडी, दोन राघू एकमेकांकडे बघणारे. जोडीसाठी दोन डाय लागतात, एक डाव्या कानाची, एक उजव्या. नक्षी एकाच कागदावर काढलेली असते. पहिल्या ठोकळ्यासाठी कागद सुलटा ठेवून उतरवायचा, दुसऱ्यासाठी उलटा. शिकाऊ माणसालासुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि शेवटी दोन्ही डायचा ठसा एकाच मेणाच्या पट्टीवर शेजारी शेजारी घ्यायचा, राघू एकमेकांकडे बघतात का ते बघायचं, मगच ठोकळे पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, पाठवायचे. एकदा पाणी दिलं की चूक दुरुस्त होत नाही. मी तेव्हा चार दिवस सासुरवाडीला गेलो होतो.

परत आलो तेव्हा व्यापारी पडवीत बसला होता. त्याने स्वतः मेणाची पट्टी मागून दोन्ही ठसे घेतले आणि खो खो हसायला लागला. दोन्ही राघू एकाच दिशेला बघत होते. नानांनी कागद उलटा केलाच नव्हता, आणि जोडीचा ठसा न बघताच ठोकळे पाणी द्यायला पाठवले होते. एक डावा, दुसराही डावा. एकेक राघू बघावा तर असा की आता बोलेल, पीस न् पीस मोकळं. जोडी म्हणून शून्य. "काय नाना, राघूंचं भांडण झालंय काय?" व्यापारी म्हणाला, आणि मग त्याने अंगठा ओठाला लावला. "का संध्याकाळचं सकाळी सुरू केलंत?"

मी त्याच्या अंगावर गेलो. गेलोच! नानी मध्ये पडली नसती तर त्याला पडवीखाली ढकलला असता. तो ऑर्डर काढून घेऊन चालता झाला. नाना जागचे हलले नव्हते. मेणाची पट्टी हातात धरून बसले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी धीर द्यायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "असू द्या नाना. मी असतो तर नीट केलं असतं. नेहमी करतोच ना."

भिंग कपाळावर चढलं. "नेहमी म्हंजे?"

मला सांगावं लागलं. किती दिवस, किती ठोकळे, सगळं. मला वाटलं ते म्हणतील, माझ्या कामाला हात लावायची तुझी हिंमत कशी झाली. त्यांनी ते विचारलंच नाही.

"म्हंजे माझा पुरावा तू घासून टाकलास," ते म्हणाले. आवाज आधी बारीक होता, मग चढला. "अरे शहाण्या, मी घरात सांगतो हात चालत नाय, डाक्टरनीला सांगतो डोकं चालत नाय. कोन मानत नाय. आन मी सोता ठोकळा उचलून बघतो तर काम बरोबर! मला वाटलं नानी म्हनते तेच खरं. माझंच डोकं फिरलंय, मी नकरे करतोय. सा महिने मी सोताला खोटा समजत होतो, दिल्या! तुज्यामुळं!" मग मला हाकलून दिलं. हातोडी फेकली ती माझ्या पायाशी पडली, मारली नाही एवढंच. जाताना ओरडून सांगितलं, "आन हे दोन ठोकळे घासायचे नायत. कुनी हात लावायचा नाय." एरवी बिघडलेला ठोकळा तापवून पुन्हा मऊ करतात, घासून सपाट करतात आणि वापरतात.

आठ दिवस मी घरी बसलो. नवव्या दिवशी नानीचा फोन आला, "पालगरला जायचं म्हनतात. तुलाच बोलावलंय. मी पन येते." नानांच्या हातात कापडी पिशवी होती, जड. मला धरू दिली नाही. बोईसर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पालघरला रांगेतही नाही.

बाईंनी नेहमीप्रमाणे फाईल उघडली. "रिपोर्ट तर छान—"

धाडकन दोन पोलादी ठोकळे टेबलावर आले. बाईंचा चहा सांडला. नाना खिशातून मेण काढून तळहातावर थापायला लागले. "आजोबा, हे काय?" "थांबा जरा. तुमी तुमचा रिपोट दाखवलात. आता माझा बघा." दोन्ही ठसे शेजारी शेजारी घेऊन त्यांनी मेण बाईंच्या समोर धरलं. "किती सुरेख!" बाई म्हणाल्या. खरंच म्हणाल्या. "सुरेक नाय, बाई. चुकलंय. हे दोगं एकमेकांकडं बघाया पायजेत. पस्तीस वरसं मी डावं-उजवं कोरतो. झोपेत उटवलं तरी चुकनार नाय अशी गोष्ट हाय ही. गोळ्या संपल्यावर चुकलो. मी दारू पीत नाय. ही माझी बायको, हिला विचारा. कावीळ गेली, मी मानतो. तुमी हे माना. आन हितं लिवा."

शेवटचे शब्द ते इतक्या जोरात बोलले की बाहेरच्या रांगेतले लोक दारातून डोकवायला लागले. मला वाटलं, आता शिपाई बोलावतील. बाई ते मेण हातात घेऊन बघत राहिल्या. मग त्यांनी सांडलेला चहा पुसला, पेन घेतलं आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा." नानांनी सांगितलं. त्यांनी लिहिलं. उपचारानंतर सतत थकवा. बोटांचे सांधे दुखतात. झोप नाही. खाज. लक्ष राहत नाही, विसर पडतो. मग थायरॉइड, साखर, रक्त कमी आहे का, असं तपासायला लिहिलं. नाना म्हणाले, "हे गोळ्यांनी झालं का काविळीनं?" बाई म्हणाल्या, "काही लोकांचं असं राहतं. कशामुळे ते मला नक्की सांगता येणार नाही. किती दिवस राहील तेही माहीत नाही."

बाहेर आल्यावर नाना बाकावर बसले आणि चक्क हसले. "म्हाइत नाय म्हनाली! दोन वरसांत पैल्यांदा कोनीतरी खरं बोललं." नानी शेजारी बसली होती, तिने पदर तोंडाला लावला होता. ती म्हणाली, "मी तुमाला नकरेवाले म्हनले." नाना म्हणाले, "म्हनलीस. आता चा पाज."

तपासण्यांत रक्त थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्यांनी जरा तरतरी आली. बाकीचं गेलं नाही. मग नानांनी त्याच्याशी भांडत भांडत जमवून घेतलं. सकाळी सात ते नऊ डोकं साफ असायचं, तेवढ्यात बारीक काम. मग पडायचं आणि पडण्याबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. चारला पुन्हा तासभर. नातीच्या नेलपॉलिशच्या बाटलीतून प्रत्येक ठोकळ्याच्या डाव्या कडेला लाल ठिपका, डावं-उजवं पुन्हा चुकायला नको म्हणून. "बत्ती गेली" म्हटलं की हातोडी खाली, मग एक घाव शिल्लक असला तरी. आणि माझ्यासाठी नवा नियम: त्यांची चूक दिसली तर बोंब मारून सांगायची. "पडवीभर ओरड. पन हात नको लावू." मी ओरडायचो. ते मला शिव्या द्यायचे आणि स्वतः दुरुस्त करायचे. महिन्याला पूर्वीच्या निम्म्याहून कमी डाय होत. प्रत्येकीखालचा ह खरा होता.

अशी दोन वर्षं गेली. मागच्या कार्तिकात एका सकाळी नऊला हातोडी खाली ठेवून पडले, ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं. दाखला द्यायला गावातले डॉक्टर आले. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "काही जुना आजार?"

नानांना जमिनीवर ठेवलं होतं, आम्ही सगळे भोवती. मागून कोणीतरी, नाव घेत नाही पण चेहरा मी विसरलेलो नाही, हळूच म्हणालं, "लिव्हर होतं. घेत असतील थोडी."

नानी उठली. रडत होती ती थांबली. आत जाऊन फाईल घेऊन आली, पालघरच्या बाईंनी लिहिलेलं पान काढलं आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं. वाचता येत नाही तिला, पण कुठली ओळ ते माहीत होतं, त्यावर बोट ठेवलं. "डाक्टर, मेला कशानं ते तुमी लिवा, तुमाला कळतं. पन गोळ्यांनंतर इतकी वरसं कसा जगला ते पन लिवा. दारू नाय. नकरे नाय. दमलेला होता मानूस, आन दमून काम करत होता. लिवा हितं."

डॉक्टर भले होते. अडचणीत पडल्यासारखे म्हणाले, "आजी, या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही."

नानीने वाकून नानांच्या खिशातला मेणाचा गोळा काढला. अजून मऊ होता. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मग दिल्या, तू लिव."

नानी, लिहिलं. आणि अजूनही कोणाला वाटत असेल की नाना नखरे करायचे, नाहीतर प्यायचे, त्याने चिंचणीला आमच्या पडवीत यावं. दोन्ही राघू खिडकीत आहेत, घासलेले नाहीत. मेण माझ्या खिशात आहे.